बेस ऐकायचाय ना? मग बेस कमी कर

अख्खा अंतरा मी बेस गिटारवर एक फ्रेट (तारेखालची पट्टी) चढून वाजवला. म्हणजे पेटीवर पांढरी दाबायची तिथं शेजारची काळी दाबून ठेवावी तसं, आणि तेही सलग, आत्मविश्वासानं. कीबोर्डवाला डोळे वटारून बघत होता, मला वाटलं टेम्पो पडलाय, म्हणून मी अजून जोरात वाजवलं.

नवरात्रातला कार्यक्रम होता, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला एका मोकळ्या मैदानात. वीस बाय तीसचं स्टेज, पुढं डाव्या-उजव्या कोपऱ्यात चार-चार बेसचे डबे, प्रत्येकात अठरा इंची दोन स्पीकर. आणि माझा अँप (अँप्लिफायर)? शंभर वॅटचा, बारा इंची एक स्पीकर, माझ्या मागं फळीवर पोटरीला टेकून बसलेला, बिचारा. पहिल्या गाण्यालाच तो ऐकू येईना म्हणून आवाज पाचवरून आठवर नेला, बेसचा नॉब तर फुल फिरवला, तरी काही नाही. फक्त एक गदगद, सगळीकडून, आणि ती माझी का ऑक्टोपॅडच्या (इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या) किकची हे देवाला ठाऊक. मधल्या गॅपमध्ये साउंडवाल्याला खूण केली तर तो म्हणतो, "अण्णा, बाहेर तुमचाच बेस दणकतोय की, अजून काय पाहिजे?"

खरंच होतं त्याचं. नंतर कुणीतरी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला, तो चुकलेला अंतरा लई स्वच्छ ऐकू येत होता.

मग डोक्यात किडा शिरला, की डब्यांची तोंडं पब्लिककडं आहेत, मी त्यांच्या पाठीमागं उभा आहे, तरी ते मला का गाडतायत? याचं उत्तर लाटेच्या लांबीत आहे. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. आवाज हवेतून सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास पळतो (आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात अजून दहा मीटर जास्त, गरम हवेत आवाज जोरात पळतो). भागाकार करा, एक लाट जवळपास साडेआठ मीटर लांब येते, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस फूट. आता एवढ्या लाटेपुढं तीन-चार फुटी डबा म्हणजे काय? नदीत रोवलेली काठी. पाणी तिला वळसा घालून जातं तशी ही लाट डब्याला वळसा घालून मागं येते. डब्याला तोंड कुठंय हे लाटेला माहीतच नसतं, ती चारी दिशांना सारखीच पसरते. याउलट ४००० कंपनांच्या आवाजाची लाट नऊ सेंटीमीटरच्या आत असते, म्हणून टॉपचा (वरच्या सुरांच्या स्पीकरचा) चोंगा जिकडं वळवाल तिकडंच तो आवाज जातो. साउंडवाल्यानं टॉप पब्लिककडं वळवले, ते वळले. बेस वळवला, तो वळला नाही, एवढंच. त्यात स्टेज आतून पोकळ, वर फळ्या, खाली बांबू, ते स्वतःच ढोलासारखं घुमतं ते वेगळंच.

मग मोठा अँप घ्यावा का? मीही आधी तेच ठरवलं होतं, दुकानात जाऊन भाव पण काढला. पण हिशेब बघा, शंभरचा दोनशे वॅट केला की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल एवढा. दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट ताकद, हजार वॅट. एवढे पैसे घालून पण सोळा अठरा-इंचीशी कुस्तीच करायची, आणि ती सुद्धा त्यांच्याच आखाड्यात.

आणि आखाडा हाच खरा घोळ आहे. आपला कान खालच्या सुरांना मुळात मंद आहे. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी लोकांना वेगवेगळे सूर ऐकवून मोजलं, की कुठला सूर किती जोरात वाजवला तर कानाला सारखा वाटतो. आजच्या मोजमापानुसार ४० कंपनांचा सूर नुसता ऐकू यायला, १००० कंपनांच्या सुरापेक्षा जवळपास ५० डेसिबल जास्त लागतात. म्हणून तर बेसला एवढाले डबे आणि एवढी वीज लागते. तर मी काय करत होतो, छोट्या अँपची सगळी ताकद बेसचा नॉब फुल करून त्याच पट्टीत ओतत होतो जिथं कान बहिरा आणि समोर आठ डबे.

आता कानाच्या आत जाऊ, कारण मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट तिथं आहे. आत गोगलगायीसारखी एक नळी असते, गुंडाळी उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर, आपल्या अंगठ्याच्या निम्म्याएवढी. तिच्यात एक पडदा असतो. बारीक उंच आवाज दाराशीच त्या पडद्याला हलवतात आणि तिथंच संपतात, जाड आवाजाची लाट मात्र दारातून शिरून पार शेवटच्या टोकापर्यंत जाते. हे बेकेशी नावाच्या हंगेरियन माणसानं मेलेल्या लोकांच्या कानांवर प्रयोग करून पाहिलं, त्याला १९६१ चं नोबेल मिळालं. पण विचार करा, जाड आवाज जर शेवटच्या घरी जाताना सगळ्या वाड्यातून पाय आपटत जात असेल, तर वाटेतल्या खोल्यांमधलं बोलणं बुडणारच. म्हणून जोरातला बेस वरच्या सुरांना झाकतो, उलटं तितकं होत नाही. त्यात माझा स्वतःचा बेस पण त्याच डब्यांतून बाहेर पडून, काही मिलिसेकंद उशिरानं, फुगून माझ्याकडं परत येत होता, म्हणजे माझाच आवाज मला दाबत होता.

इथं मला मामा आठवले. मामा सोलापूरच्या पूर्व भागात लूमवर (यंत्रमागावर) होते. लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा शेडमध्ये पाऊल टाकलं की खटाक-खटाकनं छातीच भरायची, मी दारातून बोंबलायचो, मामांना काही पत्ता नाही. पण ते लोक आपसात गप्पा मारायचे! ओरडून नाही. शेजारचा माणूस यायचा, तोंड कानाला लावायचा, दोन शब्द बोलायचा, जायचा. बाकीचं हातवारे. आवाज वाढवायचा नाही, अंतर कमी करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

माझा अँप माझ्या पोटरीशी गप्पा मारत होता. कान तिथून सव्वा-दीड मीटर वर. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल मिळतात, म्हणजे चौपट वॅटचा अँप घेतल्यासारखं, फुकटात. शिवाय बारा इंची स्पीकर वरच्या सुरांना टॉर्चसारखा सरळ फेकतो, त्यामुळं नेमकं जे ऐकायला हवं ते गुडघ्यांच्या मधून पब्लिककडं निघून जात होतं.

"नेमकं जे ऐकायला हवं" ते म्हणजे काय, तर बेसचा मधला आवाज. तार छेडली की ४१ एकटं येत नाही, ८२, १२३, १६४ असे पटीतले सूर सोबत येतात, वर ७००-८०० च्या पुढंपर्यंत, आणि बोट तारेला लागल्याची टिचकी वेगळीच. मेंदू या वरच्या सुरांची शिडी बघून खालची पायरी स्वतःच लावून घेतो, ती प्रत्यक्षात नसली तरी. पटत नसेल तर जुना लँडलाईन आठवा. त्या वायरीतून ३०० च्या खालचं जवळपास काहीच जात नव्हतं, आणि पुरुषाचा आवाज तर १००-१२० च्या आसपास सुरू होतो, तरी वडिलांचा फोन आला की आवाज जाडच वाटायचा ना? पायाचा सूर तारेत नव्हताच, तो आपण डोक्यात बांधत होतो.

तर पुढच्या कार्यक्रमाला मी मंडपवाल्याची एक प्लास्टिकची खुर्ची ढापली, अँप तिच्यावर थोडा मागं कलता ठेवला, तोंड सरळ कानाकडं. बेसचा नॉब जवळजवळ बंद. मिडल वर. माझ्या अँपवर फ्रिक्वेन्सी निवडायचा नॉब आहे, तो ८०० च्या आसपास. चेकिंगला एकट्यानं वाजवला तर अगदी रद्दी आवाज, सर्दी झालेला माणूस पत्र्याच्या डब्यात बोलतोय असा, ढोलकीवाला हसून हसून मेला. पण पब्लिकला अँपचा आवाज जातच नाही, त्यांना डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडणारी छोटी डबी) थेट मिक्सरला जातो, अँप फक्त माझ्यासाठी. आणि सगळे एकदम सुरू झाले तेव्हा त्या गदगदीच्या वर माझं प्रत्येक बोट वेगळं ऐकू आलं. खालची जाडी डबे देतच होते की, मी ती परत कशाला देऊ?

सगळंच मिटलं असं नाही. डबे फारच जोरात असले की ते झाकणं वर ८०० पर्यंत पण चढतं. मग मी जागा बदलतो. स्टेजच्या बरोबर मध्यभागी डाव्या-उजव्या डब्यांचा आवाज एकाच वेळी पोचतो आणि एकमेकांत मिळून चढतो, ड्रमच्या शेजारी उभं राहायची आमची खोड म्हणजे त्या जागेवर नेम धरून जाणं. डाव्या-उजव्या डब्यांमध्ये तीस फूट अंतर असेल आणि तुम्ही त्यांच्या दहा फूट मागं असाल तर मध्यापासून सहाएक फूट बाजूला सरका, ६० कंपनांच्या आसपास एका बाजूची लाट दुसरीपेक्षा अर्धी लाट मागं पडते आणि दोघी एकमेकींना खातात. पूर्ण नाही, पण फरक चांगलाच पडतो. मोठे साउंडवाले तीनातला एक डबा उलट्या तोंडानं लावून, त्याला डिले (थोडा उशीर) देऊन आणि फेज (लाटेचं वर-खाली) उलटा करून मागचा आवाज मुद्दाम मारतात, पण त्याला मोजणी लागते, आपल्याकडं ट्रक रिकामा करून तासाभरात पहिलं गाणं.

एक राहिलं. मोबाईलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप बघून "नव्वदच दाखवतंय" म्हणू नका. ते बहुतेक डीबीए मोजतं, आणि त्या मापात ५० कंपनांच्या आवाजातून ३० डेसिबल आधीच वजा केलेले असतात, त्यामुळं छाती हलली तरी आकडा शांतच राहतो. आणि त्या मापात सुद्धा अमेरिकेतली कामगार-आरोग्याची सरकारी संस्था (NIOSH) कामाच्या जागेसाठी ८५ ला आठ तास ही मर्यादा सुचवते, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. कानात कापूस घालून उपयोग नाही, तो बेस अडवत नाही, वरचेच सूर थोडे खातो, म्हणजे पुन्हा तीच गदगद. म्युझिशियनचे इअरप्लग मिळतात, सगळे सूर जवळपास सारखेच कमी करतात, ते घ्या. मामा आता टीव्ही एवढा मोठा लावतात की मालिका शेजारच्यांना पण कळते.

खुर्चीचं मात्र टिकलं नाही. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच मंडळाचा एक पोरगा वाकून स्टेजवर आला आणि माझ्या कानाला तोंड लावून म्हणाला, "अण्णा, खुर्ची द्या की, पाव्हणे आलेत." मी एका हातानं अँप उतरवला, कीबोर्डच्या रिकाम्या पेटीवर ठेवला, आणि तेवढ्यात दोन मात्रा चुकलो. या वेळी ऐकू आलं.