पार्श्वभूमी : व्हीसीआरवरचा ‘इंडेक्स’

आमच्या कपाटात एक ई-१८०, म्हणजे तीन तासांची व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट आहे. तिच्या पाठीवरच्या लेबलवर निळ्या बॉलपेनने लिहिलंय : ‘० ते ६१०, ताईचं लग्न. पुढे मॅच.’ हा ६१० ज्या व्हीसीआरच्या (व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरच्या) काउंटरवरचा आकडा होता ते मशीन केव्हाच भंगारात गेलं, त्यामुळे आता त्या आकड्याला काही अर्थ उरलेला नाही. दुसऱ्या मशीनवर कॅसेट ६१० पर्यंत पळवली तर कुठे थांबेल ते सांगता येत नाही. आकड्यांवरून रेकॉर्डिंग शोधण्याची ही पद्धत मागे का पडली आणि तिच्या जागी आलेल्या, टेपवरच खुणा करून त्या शोधण्याच्या सोयीला ‘इंडेक्स’ हे काहीसं फसवं नाव कसं चिकटलं, त्याची ही पार्श्वभूमी.

मूळ फार मागे नेण्यात अर्थ नाही. १९५६ साली व्यवहारात वापरता येईल असं पहिलं व्हिडिओ टेप मशीन आलं ते प्रक्षेपण केंद्रांसाठी. टेप दोन इंच रुंद. संकलन करायचं तर टेपवर लोहकणांचा पातळ द्रव लावायचा, कण जिथे ओळीने चिकटतील तिथल्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या आणि बरोब्बर त्या रेषेवर ब्लेड चालवायचं. या खुणा म्हणजे टेपच्या कडेने जाणाऱ्या कंट्रोल ट्रॅकवरची स्पंदनं. पुढच्या सगळ्या गोष्टीत ही कडेची पट्टी सारखी येणार आहे, म्हणून तेवढी लक्षात ठेवावी. व्यावसायिकांनी नंतर टाइमकोड आणला आणि प्रत्येक फ्रेमला स्वतःचा तास-मिनिट-सेकंद मिळाला. घरगुती मशीनच्या वाट्याला मात्र तो आला नाही.

घरी आलेल्या बीटामॅक्स (१९७५) आणि व्हीएचएस (१९७६) मशीनवर होता तो चाकांचा काउंटर, म्हणजे ऑडिओ टेपरेकॉर्डरवरचीच कल्पना. टेप गुंडाळणाऱ्या रिळाला पट्ट्याने जोडलेली आकड्यांची चाकं. तो मोजायचा रिळाचे फेरे, वेळ नाही. सुरुवातीला रिकामं रीळ भराभर फिरतं, टेप साठत जाते तसं संथ होतं. परिणामी तीन तासांच्या कॅसेटवर पहिल्या तासात आकडा जेवढा पुढे जातो, त्याच्या साधारण निम्माच शेवटच्या तासात जातो. शिवाय पट्टा आणि दात्यांचं प्रमाण प्रत्येक बनावटीचं वेगळं. काउंटरशेजारी ‘मेमरी’ नावाचं बटण असे. ते दाबून रिवाइंड केलं की टेप ०००० वर थांबायची. म्हणजे जिथे परत यायचं तिथे आधीच आकडा शून्य करून ठेवायला हवा, आणि ती आठवण माणसानेच ठेवायची.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी चित्र पाहत पुढे-मागे पळवण्याची सोय आली. पडद्यावर आडवे पट्टे येत, कारण टेप पळत असताना ती वाचणारं हेड एका ट्रॅकवरून शेजारच्या ट्रॅकवर घसरतं. पण निदान दिसायचं तरी, की अजून मंगलाष्टकंच चालू आहेत. बीटामॅक्सला हे सोपं गेलं. तिथे टेप पळवतानाही ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला, गुंडाळलेलीच राहायची. सुरुवातीच्या व्हीएचएस मशीनमध्ये पूर्ण वेगाने रिवाइंड करायचं तर टेप आधी कॅसेटमध्ये परत ओढली जाई, तिचा कुठल्याही हेडशी संबंध उरत नसे. ‘खटक्’ असा आवाज, मग घरघर. त्या घरघरीत मशीन आंधळं असायचं. पुढे टेप अर्धवट बाहेर ठेवून कंट्रोल ट्रॅकच्या हेडला टेकवून पळवणारी यंत्रणा आली, तेव्हा कुठे मशीनला पळत्या टेपवरचं काही वाचता येऊ लागलं. इंडेक्सचा रस्ता तिथून खुला झाला. ही गोष्ट हटकून विसरली जाते आणि श्रेय सगळं रिमोटवरच्या बटणाला जातं.

आपल्याकडच्या पाल या टीव्ही-प्रक्षेपणाच्या पद्धतीत कंट्रोल ट्रॅकवर सेकंदाला २५ स्पंदनं असतात, फ्रेममागे एक. तासाला ९०,०००. ती मोजली की फेऱ्यांऐवजी खरे तास-मिनिटं-सेकंद दाखवता येतात. हा काउंटर सगळ्या मशीनवर सारखा चालतो, पण त्याच्याही खोडी होत्या. टेपचा कोरा भाग आला की स्पंदनं नाहीत, म्हणून आकडा जागच्या जागी थिजायचा. कॅसेट बाहेर काढून परत घातली की पुन्हा शून्य. कॅसेट मध्यावर असली तरी शून्यच.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर याच स्पंदनांवर इंडेक्स बसवला गेला. त्याचं पूर्ण नाव व्हीएचएस इंडेक्स सर्च सिस्टीम. कल्पना साधी, पण मला आजही देखणी वाटते. टेपचा वेग सांभाळायला मशीनला प्रत्येक स्पंदनाची फक्त चढती कड लागते. उतरती कड कधी येते याच्याशी वेगाला देणंघेणं नाही. मग ती उतरती कड सरकवून निरोप का लिहू नये? नेहमीचं स्पंदन आपल्या वाट्याच्या वेळेपैकी साधारण ६० टक्के ‘वर’ असतं. खुणेच्या जागी ते २७ टक्क्यांच्या आसपास उतरवायचं. अशी साठेक स्पंदनं ओळीने लिहिली की झाली खूण, जेमतेम अडीच सेकंदांची. चित्राला धक्का नाही, आवाजाला नाही. चढत्या कडा जागच्या जागी असल्यामुळे रेकॉर्डिंग झाल्यावरही हवी तिथे खूण घालता येते किंवा पुसता येते. फक्त कॅसेटच्या पाठीवरची, रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून तोडायची प्लास्टिकची टिकली तोडलेली नको.

घोळ आहे तो नावात. इंडेक्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तकाच्या शेवटची सूची येते, फार तर अनुक्रमणिका : काय कुठे आहे, ते सांगणारी. टेपवरच्या इंडेक्सला ‘काय’ माहीतच नाही. पानाचा कोपरा दुमडावा, तशी ती खूण. ‘इथे कुणीतरी रेकॉर्डचं बटण दाबलं होतं’, यापलीकडे ती काही सांगत नाही. बटण दाबून शोधायचं म्हणजे ‘इथून तिसरी खूण’ असं सांगायचं. पुष्कळ मशीनवर हा आकडा नऊपर्यंत जाई. तिसरी खूण लग्नाची की मॅचची, हे आठवायचं काम पुन्हा माणसाकडेच. तेही जमत नसेल तर ‘इंट्रो स्कॅन’ होतं : प्रत्येक खुणेपाशी काही सेकंद चित्र दाखवायचं आणि पुढे पळायचं. खुणेला क्रमांक देणारी ‘ॲड्रेस सर्च’ ही थोरली बहीणही याच स्पंदनांवर बसवलेली होती, आणि खरं पाहता इंडेक्स या शब्दाच्या जवळ तीच जात होती. पण ती घरगुती मशीनवर फारशी रुजली नाही. स्वस्त खूण टिकली आणि भारदस्त नाव तिला मिळालं.

खूण नेमकी कधी पडावी, यावर तर वापरणाऱ्यांत सरळ दोन तट होते. ठरलं असं, की थांबलेल्या मशीनवर रेकॉर्ड दाबलं किंवा टायमरने रेकॉर्डिंग सुरू झालं की खूण पडेल. पॉजवरून पुढे चालू केलं तर पडणार नाही. बाजू घेणारे म्हणत, जाहिराती आल्या की लोक पॉज करतात. दर वेळी खूण पडली तर एका सिनेमात वीस खुणा होतील आणि शोधण्यात काही राम उरणार नाही. मुद्दा बिनतोड आहे. पण दुसऱ्या तटाचं दुःख मला जास्त जवळचं. एक कार्यक्रम संपला, दोन मिनिटांत दुसरा सुरू होणार, मध्ये मुंग्या नकोत म्हणून मशीन पॉजवर ठेवलं. अगदी शहाण्यासारखं वागलेल्या या माणसाला दुसऱ्या कार्यक्रमाची खूणच मिळत नाही. शेजारी मात्र चहा करायला गेला, टेपची झीज टाळण्यासाठी मशीनने काही मिनिटांनी पॉज सोडून आपणहून स्टॉप घेतला, त्याने येऊन परत रेकॉर्ड दाबलं, आणि त्याला खूण मिळाली! आळसाला बक्षीस देणारी यंत्रणा म्हणायची ही. दर कार्यक्रमाला हाताने खूण घालायचं बटण होतं, पण ते बऱ्याचदा रिमोटच्या झाकणाखाली, दोन बटणांच्या जोडीत दडलेलं. माझ्या पाहण्यात ते कुणी दाबलेलं नाही.

‘ब्लँक सर्च’चंही तसंच. टेपवर कोरी जागा कुठून सुरू होते ते शोधायचं, म्हणजे स्पंदनं कुठे संपतात ते पाहायचं. नव्या कॅसेटवर हे झकास चालतं. पण आपल्या घरांत नवी कॅसेट कितींदा असायची? त्याच कॅसेटवर वर्षानुवर्षं एकावर एक चढवत गेलं की तुमचं रेकॉर्डिंग संपताच खालच्या जुन्याचं शेपूट सुरू होतं. स्पंदनं तिथेही आहेतच. मशीन बिचारं सगळं शेपूट ओलांडून पार पलीकडे जाऊन थांबायचं.

महाराष्ट्रात या सगळ्याचा सर्वांत जास्त संबंध आला तो लग्नाच्या कॅसेटशी, आणि तिथेच इंडेक्स सर्वांत कमी कामाला आला. १९८२ साली रंगीत दूरदर्शन आल्यानंतर व्हीसीआर घरोघर पोचू लागला, बऱ्याच घरांत आधी एका रात्रीपुरता भाड्याने. लग्नाचं चित्रण करणारे मूळ टेप स्वतःकडे ठेवून दोन मशीन जोडून प्रती काढून देत. प्रत काढताना दुसरं मशीन चित्र आणि आवाज घेतं, कंट्रोल ट्रॅक मात्र स्वतःचा नव्याने लिहितं. त्यामुळे मूळ टेपवर सप्तपदीला, विहिणीच्या पंगतीला, पाठवणीला खुणा असल्या तरी प्रतीवर त्यातली एकही उतरत नाही. प्रतीवर खूण एकच : दुकानदाराने रेकॉर्ड दाबलं तिथली, अगदी सुरुवातीची. तीही बऱ्याच मशीनना सापडत नसे, कारण टेपच्या टोकाशी असलेली खूण हुकणं ही नेहमीची तक्रार होती.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात काही मशीन कॅसेटला क्रमांक देऊन त्यावरच्या कार्यक्रमांची यादी आपल्या स्मृतीत ठेवू लागली. ही पहिली खरी सूची. पण यादी मशीनमध्ये आणि टेप कपाटात. मशीन बिघडलं की यादीही गेली. तोवर डीव्हीडीही आली होती, आणि तिच्यावर प्रकरणांची यादी तबकडीतच होती. व्हीएचएस मशीन बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं.

सध्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून देणारी दुकानं चालतात. तिथेही मशीनमधून बाहेर येतं ते चित्र आणि आवाज. खुणा कंट्रोल ट्रॅकवरच राहतात. मध्ये कोरा भाग असेल तर पडद्यावर निळा रंग येतो, आणि तो संपून पुन्हा काही सुरू होतं का, हे पाहत कुणीतरी बसून राहावं लागतं. आमची ६१० वाली कॅसेट तशीच उतरवून घेतली. कारागिराने लेबल वाचलंही नाही, कॅसेट पहिल्यापासून लावली. तीन तासांच्या टेपला तीन तास लागले. मॅच निघाली नाही. तिच्यावर कुणीतरी नंतर बातम्या चढवल्या होत्या.