सांधे लवचीक, मग मानेतल्या धमन्या कशा?

काहींचा अंगठा सहज मनगटाकडे वळून हाताला टेकतो, कोपर उलट्या बाजूला झुकते, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला लागतात. अशा हालचालींना बायटन मोजणीत 9 पैकी गुण देतात. पन्नाशीच्या आतल्या प्रौढाला 5 किंवा अधिक मिळाले, तर त्याचे सांधे अतिलवचीक धरले जातात.

सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध कोलॅजेन या प्रथिनाचे असतात आणि धमनीच्या भिंतीलाही कोलॅजेनचाच आधार असतो. मग मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्याही सैल असतील का? ही शंका रास्त आहे. पण कोलॅजेन एकच नसते. अस्थिबंधांत मुख्यतः पहिल्या प्रकारचे असते, धमन्यांना तिसऱ्या प्रकाराचीही मोठी गरज असते. हा तिसरा प्रकार जन्मतः सदोष असला की एहलर्स-डॅन्लोस या सांधे-त्वचा सैल करणाऱ्या आनुवंशिक विकाराचा रक्तवाहिन्यांना ग्रासणारा, दुर्मिळ प्रकार होतो. त्यात बहुधा फक्त बोटांचे सांधे लवचीक असतात, गुडघे-कोपर नेहमीसारखेच. म्हणजे ज्याच्या धमन्या सर्वांत नाजूक, त्याचे बायटन गुण कमीही भरू शकतात! म्हणूनच केवळ सांधे पाहून धमन्यांचा अंदाज बांधणे मला चुकीचे वाटते.

रक्तवाहिन्यांना ग्रासणारा हा प्रकार असलेल्या रुग्णांची कॅरोटिड, म्हणजे मानेच्या पुढच्या भागातून मेंदूकडे जाणारी धमनी, सोनोग्राफीत पातळ भिंतीची दिसते. एरवी डॉक्टर या भिंतीची जाडी वाढली का ते बघतात, कारण वाढ हे धमनीकाठिण्याचे लक्षण. इथे काळजी उलटी आहे. रक्तदाब तोच, पण तो पेलणारी भिंत पातळ, त्यामुळे तिच्या प्रत्येक थरावर ताण जास्त पडतो.

दुसरे वैशिष्ट्य नागमोडीपणाचे. मणक्यांच्या छिद्रांतून वर चढणाऱ्या व्हर्टिब्रल धमनीला कवटीच्या तळाशी वळण असतेच, मान फिरवताना ते उपयोगी पडते. मात्र 2005 साली वर्णन झालेल्या लोइस-डीट्झ विकारात मानेतल्या धमन्या ठिकठिकाणी वेटोळी घेतात. त्यातही सांधे सैल असू शकतात, पण रुंद अंतरावरचे डोळे किंवा दुभंगलेली पडजीभ यांसारख्या खुणा डॉक्टरांना जास्त सांगून जातात. घरात कुणाची महाधमनी तरुणपणी फाटली असेल, तर तेही आवर्जून सांगावे.

नाजूक भिंतीचे आतले अस्तर फाटले की रक्त थरांमध्ये शिरते. मग मानेच्या किंवा डोक्याच्या एका बाजूला अचानक, पूर्वी कधी न झालेली वेदना होते. कधी त्याच बाजूची पापणी खाली येते, बाहुली बारीक होते. हे दिसले तर मान चोळून घेऊ नये, झटका देऊन मोडून तर मुळीच नाही. तडक रुग्णालय गाठावे.