‘स्टेशनपासून अर्धा किलोमीटर’ म्हणजे नक्की किती?

नव्या शहरात घर शोधताना एक समज हमखास कानावर येतो: नकाशावर स्टेशन अर्ध्या किलोमीटरच्या आत दिसलं की झालं. पण हे अंतर बऱ्याचदा सरळ रेषेत मोजलेलं असतं, आणि माणूस काही रुळांवरून उडत जात नाही. मधे रेल्वेमार्ग किंवा महामार्ग असला की पुलाचा वळसा पडतो. ५०० मीटरचे सहज १,२०० होतात. मिनिटाला साधारण ८० मीटर धरले, तर सहाऐवजी पंधरा मिनिटं. स्टेशनचं दार पलीकडच्या बाजूला असेल तर आणखी भर. शिवाय गाडी अर्ध्या तासाने येत असेल, तर वेळापत्रक न बघता निघालेला सरासरी १५ मिनिटं ताटकळतो. त्यापेक्षा दर दहा मिनिटांनी येणारी बस बरी. भाडेकरारावर सही करण्याआधी ती वाट रात्री एकदा चालून बघा. दिवे आणि फुटपाथ नकाशात कळत नाहीत.