ब्लू ट्रेन (फ्रान्स)

ब्लू ट्रेन : उत्तर फ्रान्समधील कॅले बंदरापासून पॅरिसमार्गे कान, नीस, माँटे कार्लो अशा भूमध्य समुद्रकाठच्या विहारस्थळांना जाणारी शयनयानांची एकेकाळची रात्रगाडी. मूळ नाव कॅले–मेडिटरेनियन एक्सप्रेस. डिसेंबर १९२२ मध्ये शयनयाने चालवणाऱ्या वागों-ली कंपनीने जुन्या सागवानी डब्यांच्या जागी सोनेरी रेघांचे निळे पोलादी डबे आणले. लोक तिला ‘निळी गाडी’ म्हणू लागले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तेच अधिकृत नाव झाले.

या गाडीचा दिमाख म्हणून जे सांगितले जाते ते बहुतेक १९२० च्या दशकातले आहे. १९५० च्या दशकातल्या प्रवाशांच्या वाट्याला आला तो त्याचा वारसा, आणि तोही अक्षरशः, कारण ज्यांत ते झोपत त्यांतले कित्येक डबे १९२९ च्या सुमाराचे ‘एलएक्स’ जातीचे होते. लाकडी जडावकाम केलेल्या भिंती, कपाटात दडवलेले हात धुण्याचे भांडे, उशाशी खिशातले घड्याळ अडकवायचा हूक, रात्रभर तेवणारा मंद निळा दिवा. खोली आपल्याकडच्या पहिल्या वर्गाच्या कूपेएवढीच. शौचालय मात्र डब्याच्या टोकाला. प्रत्येक डब्याला स्वतःचा कोळशाचा बंब असे. तो पेटता ठेवणे, बिछाने घालणे, तिकिटे नि पासपोर्ट सांभाळणे आणि सकाळी वेळेवर उठवणे, ही सगळी कामे बोळाच्या टोकाशी बसणाऱ्या तपकिरी गणवेशातल्या कंडक्टरची. आलिशानपणाचे श्रेय सजावटीला मिळते. खरे तर ते या माणसाचे होते.

कॅलेहून आलेल्या डब्यांना पॅरिसमध्ये शहराभोवतीच्या वळणमार्गाने गार द्यु नॉर स्थानकाहून गार द लियाँ स्थानकाला नेत. त्यामुळे खाडी ओलांडून कॅलेला गाडीत बसलेल्या इंग्रज प्रवाशाला उतरावे लागत नसे. गाडी रात्री पॅरिस सोडी. सकाळी सां-राफाएलच्या पुढे एस्तेरेलचे तांबडे खडक आणि खाली समुद्र दिसू लागे. रूळमार्ग पॅरिस–लियाँ १९५२ मध्ये आणि मार्सेयपर्यंत १९६२ मध्ये विद्युतीकृत झाला, म्हणजे प्रवासाचा शेवटचा टप्पा बराच काळ विजेवाचूनच होता.

प्रवासी बदलले ते कायद्याने. १९३६ मध्ये फ्रान्समधील कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, १९५६ मध्ये तिसरा आठवडा. थंडी टाळायला येणाऱ्या श्रीमंतांचा हा किनारा उन्हाळी सुट्टीचा झाला. इंग्रजांची अडचण वेगळी होती : १९५२ मध्ये त्यांच्या सरकारने परदेशप्रवासाच्या खर्चाची मर्यादा माणशी २५ पौंडांवर आणली होती. १९५५ पासून वागों-लीने वीस एकेरी खोल्यांचे ‘पी’ जातीचे डबे आणले, तेही बिनरंगाच्या चकचकीत स्टेनलेस पोलादाचे.

१९५९ मध्ये एअर फ्रान्सची कॅराव्हेल जेट विमाने आली. पैसेवाले आधी तिकडे वळले. १९७१ मध्ये वागों-लीचे शयनयान डबे युरोपीय रेल्वेंच्या सामाईक ताफ्यात गेले.