विकास आराखड्यातील आरक्षण (महाराष्ट्र)

शहराच्या विकास आराखड्यात रस्ता, बाग, शाळा, क्रीडांगण, मंडई अशा सार्वजनिक कामासाठी खासगी जमीन राखून ठेवणे म्हणजे आरक्षण. त्याचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. आरक्षण पडले म्हणून जमीन सरकारजमा होत नाही. सातबाऱ्यावर नाव मालकाचेच राहते, जमीन विकताही येते. फक्त आरक्षणाशी न जुळणाऱ्या बांधकामाला परवानगी मिळत नाही. परवानगी देताना प्रारूप, म्हणजे मंजुरीआधीचा कच्चा आराखडाही विचारात घ्यावा लागतो (कलम ४६), म्हणून ही अडवणूक आराखडा मंजूर होण्याआधीच सुरू होते.

सातबाऱ्यावर आरक्षणाची नोंद बहुधा नसते. जमीन घेणाऱ्याने झोन दाखला (आराखड्यात जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्याच्या नकाशातला त्या जागेचा भाग) काढायलाच हवा. निव्वळ उताऱ्यावर विसंबून प्लॉट घेणारे इथेच फसतात. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. आरक्षण हलवण्याची सर्वांत स्वस्त संधी तीच.

आरक्षित जमीन ताब्यात घेण्याचे तीन मार्ग कलम १२६ देते: वाटाघाटीने ठरलेली रक्कम, मोबदल्यात चटई क्षेत्र (जादा बांधकामाचा हक्क) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क, प्रमाणपत्राच्या रूपात), नाहीतर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादन. तिसऱ्या मार्गात बाजारमूल्याशिवाय तेवढीच दिलासा रक्कमही द्यावी लागते, त्यामुळे नगरपालिका टीडीआरकडे वळतात. मालकाला मात्र टीडीआर तेव्हाच परवडतो, जेव्हा तो विकत घेणारा बिल्डर गावात असतो. लहान शहरात प्रमाणपत्र कपाटात पडून राहते.

नकाशावर रंग भरायला पैसे लागत नाहीत, जमीन घ्यायला लागतात. म्हणून आरक्षणे वर्षानुवर्षे कागदावरच राहतात. त्यावर उतारा म्हणजे कलम १२७. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही आणि संपादनही सुरू झाले नाही, तर मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरची मुदत पूर्वी ६ महिने होती, मग १२ झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने २४ महिने. तेवढ्यातही काही झाले नाही तर आरक्षण रद्द झाल्याचे मानले जाते.

‘काही झाले’ म्हणजे काय, यावरच बहुतेक खटले लढले गेले. सर्वसाधारण सभेने ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र गेले, एवढ्याने संपादन सुरू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली ठरवले. लक्ष्मीकांत प्रकरणात (२०२२) आरक्षण रद्द झाल्यावर संपादनासाठी वाढीव वर्ष देणेही न्यायालयाने नाकारले.

नोटीस फसते ती साध्या चुकांनी. १० वर्षे मोजायची ती आराखडा अंमलात आल्याच्या तारखेपासून, प्रारूपाच्या नव्हे. आधी दिलेली नोटीस वाया जाते. मालकी व हितसंबंध दाखवणारे कागद सोबत जोडणे २००९ पासून सक्तीचे आहे. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार आणि मोजणी नकाशा जोडावा, सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या घ्याव्यात. आरक्षण दुसऱ्या खात्यासाठी असेल तर पालिकेसोबत त्या खात्यालाही नोटीस द्यावी, आणि पोहोच जपून ठेवावी, कारण २४ महिने बजावणीच्या दिवसापासून धावतात. सर्वांत महागडी चूक म्हणजे थांबून राहणे. नोटिशीआधीच सुधारित आराखडा येऊन आरक्षण कायम राहिले, तर १० वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात (प्रफुल्ल दवे, २०१५).

आरक्षण गेले म्हणजे रान मोकळे झाले असेही नाही. शेजारच्या जमिनीला जो वापर लागू आहे तोच मिळतो. शेजारी हरित पट्टा असेल तर हाती शेतीच उरते. शिवाय शासनाने राजपत्रात आदेश काढल्याखेरीज नकाशावरचा रंग पुसला जात नाही, आणि बांधकाम परवानगीच्या खिडकीवर तोच नकाशा पाहिला जातो.