यीस्टला तोंड नाही, मग साखर आत जाते कशी?

यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं, त्यानं पाव फुगतो, इतकं आपल्या सगळ्यांना माहितीये. पण खातं म्हणजे नक्की काय करतं? एका पेशीचा जीव, त्याभोवती चरबीचा पातळ पडदा, आणि ग्लुकोज पाण्यात विरघळणारं, चरबीत नाही, त्यामुळे ते त्या पडद्यातून नुसतं झिरपून आत जाऊ शकत नाही. म्हणून पडद्यात प्रोटीनची दारं असतात, त्यांना ट्रान्सपोर्टर म्हणतात.

आणि दारं तरी किती! बेकरीतलं नेहमीचं यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, त्यातली ही दारं बंद करून बघायची असं जर्मनीतल्या एका टीमनं ठरवलं, दारं बनवणारी एकेक जीन काढत गेले, आणि किमान 20 जीन्स उडवल्यावर कुठे ते ग्लुकोजवर वाढायचं थांबलं (हे 1999 चं काम). एवढी कशाला लागतात? तर प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एचएक्सटी1 हे दार लिटरमागे साधारण 18 ग्रॅम ग्लुकोज असेल तेव्हा कुठे निम्म्या वेगाला येतं, म्हणजे सुकाळातलं दार. एचएक्सटी7 ला मात्र लिटरमागे अर्धा ग्रॅमसुद्धा नसला तरी चालतं. साखर वाढली की यीस्ट हे दुष्काळातलं दार पडद्यातून काढून आत ओढतं आणि चक्क मोडून टाकतं. बाहेर साखर किती आहे ते कळायला स्नफ3 आणि आरजीटी2 अशी दोन प्रोटीन्स आहेत, दिसायला अगदी दारासारखीच, पण साखर आत नेत नाहीत, फक्त अंदाज घेतात. मला तर हीच दोघं सगळ्यात भारी वाटतात.

ग्लुकोज आत घ्यायला ऊर्जा लागत नाही, जास्त असेल तिकडून कमी असेल तिकडे ते आपोआप जातं. आत आल्या आल्या हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवतं की झालं, परत बाहेर जायचा रस्ता बंद.

आपल्या चहातली साखर म्हणजे सुक्रोज, तिचा प्रकार वेगळाच. यीस्ट ती बहुतेक बाहेरच फोडतं, पेशीच्या भिंतीपाशी इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम ठेवून, आणि तयार झालेलं ग्लुकोज-फ्रुक्टोज मग आत घेतं. पण घेतं किती, तर 2009 च्या एका प्रयोगात दिसलं की जेमतेम 1 टक्का, बाकी सगळं वाहून शेजाऱ्यांकडे! त्यामुळे इन्व्हर्टेज न बनवणारं फुकटं यीस्टसुद्धा मजेत जगतं. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल करतात तिथे पण सुक्रोज असंच आधी फुटतं.

माल्टोजला मात्र खर्च येतो. पिठातल्या स्टार्चपासून ही साखर बनते, आणि ती आत आणायला सोबत एक प्रोटॉन घ्यावा लागतो, तो परत बाहेर हाकलायला एटीपी, म्हणजे पेशीची साठवलेली ऊर्जा, खर्ची पडते. ग्लुकोज असेपर्यंत यीस्ट माल्टोजची दारं बनवतच नाही, असलेली पण मोडतं. म्हणून साखर न घातलेल्या पिठात आधीचं थोडं ग्लुकोज संपलं की गॅस जरा मंदावतो, दारं तयार झाली की पुन्हा जोर धरतो.

दुधातल्या लॅक्टोजसाठी बेकरीच्या यीस्टकडे दारच नाही, फोडायचं एन्झाइमही नाही. ते काम क्लुव्हेरोमायसिस नावाचं दुसरं यीस्ट करतं, आयर्लंड आणि न्यूझीलंडमध्ये चीज करून उरलेल्या पाण्यापासून अल्कोहोल करतात ते त्याच्याच जिवावर.