पालेभाजीनं कोंबडीची अंडी बंद होतात का?

“कोंबडीला पालेभाजी घातली की हगवण लागते आणि अंडी बंद होतात.” हा निरोप कोल्हापुरात परसात चार कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाकडे कधी ना कधी येतोच. त्यामागं दिसणारी गोष्ट खरी असते, कारण मात्र वेगळं.

मेथी, पालक, कोबीचा पाला यांत 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते जास्त पोटात गेलं की विष्ठा पातळ, हिरवट होते. कोंबडी चपळ असेल, तुरा लाल असेल, तर तो आजार नव्हे. एक दिवस पाला थांबवून बघा, विष्ठा पुन्हा घट्ट होते. झाली नाही, रक्त दिसलं किंवा कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली, तर मात्र जनावरांच्या डॉक्टरांना दाखवाच.

अंड्यांचं म्हणाल, तर डिसेंबरात आपल्याकडं दिवस जेमतेम 11 तासांचा होतो आणि अंडी देणाऱ्या कोंबडीला 14 तासांच्या आसपास उजेड लागतो. मेथी स्वस्त होते तीही थंडीतच. दोष भाजीवर जातो तो असा.

पोट नुसत्या पाल्यानं भरलं तर प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडून अंडी खरंच घटतात. म्हणून आधी खाद्य, मग दुपारी मूठभर पाला. पालक थोडाच, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवतं. जुडी सुतळीनं टांगून ठेवा, कोंबड्या टोचून टोचून खातात. दोनेक आठवड्यांनी अंडं फोडून बघा, बलक जास्त पिवळा दिसेल.